उस्तादांच्या चालीने

गोदाम कमोडचं होतं. म्हणजे वॉशबेसिनं होती, टाइल्सही होत्या, पण नजर जाईल तिथे कमोडच. पुठ्ठ्याच्या खोक्यांत, पॅलेटवर पॅलेट चढवून, पार छतापर्यंत. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या माणसाला चारचौघांत आपल्या कामाबद्दल फार रंगवून बोलता येत नाही. सूनबाईही बोलत नसे. "मी फोर्कलिफ्ट चालवते," एवढं सांगायची आणि विषय बदलायची.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. तिला हे काम शिकवलं तिच्या सासऱ्यांनी, याच गोदामात, आणि शिकवताना ते तिला घरच्यासारखीच हाक मारायचे. "सूनबाई, फोर्क खाली घे. सूनबाई, मागे बघ." ऐकून ऐकून सगळं गोदाम तिला सूनबाई म्हणू लागलं. तिच्या धाकट्या भावाच्या वयाचे ट्रकवालेसुद्धा खिडकीतून मान बाहेर काढून "सूनबाई, आमचा नंबर कधी?" असं बिनदिक्कत विचारायचे. सासऱ्यांना मात्र सगळे उस्ताद म्हणत.

उस्तादांनी तिथली जुनी फोर्कलिफ्ट जन्मभर चालवली होती. मग त्यांच्या डोळ्यांनी एक विचित्र खोडी काढली. जवळचं दिसे, लांबचं दिसे, मधलं दिसेना. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मधल्या अंतरावर माणसाचं फारसं काही काम नसतं. फोर्कलिफ्टवाल्याचं सगळं काम नेमकं तिथेच असतं, हे डॉक्टरांना कोण सांगणार? लायसन गेलं. सीटवर सूनबाई बसली आणि उस्ताद घरी बसले.

घरी बसणं त्यांना मानवलं नाही. सुरुवातीला ते स्वयंपाकघरात बायकोच्या पाठी उभे राहून "जरा डावीकडे, आता सरळ" असं सांगत राहिले. सासूबाईंनी एकदा कढई आपटली, तेव्हापासून तेही बंद झालं. मग दाढी बंद झाली. मग जेवणावरची वासना उडाली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे आणि तोंडातल्या तोंडात बारीक घरघर काढायचे. सूनबाईने एकदा कान देऊन ऐकलं आणि तिला कळलं की हा जुन्या मशीनच्या मोटारीचा आवाज आहे. उतारावरचा. त्या दिवशी ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. तिचे वडील लवकर गेले होते. बापाची माया तिला मिळाली ती याच माणसाकडून, आणि तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत दिवसेंदिवस खुर्चीएवढा होत चालला होता.

अशात जुनी फोर्कलिफ्ट मोडीत निघाली आणि मालकीणबाईंनी दुसरी आणली, वापरलेली. "वस्तू आधी कुणीतरी वापरून बघितलेली बरी," असं त्या नेहमी म्हणत. कमोड विकणाऱ्या बाईने असं म्हणू नये, पण त्या म्हणायच्या. हे मशीन आधी कुठल्याशा मोठ्या कारखान्याच्या मोकळ्या मैदानात पळायचं. सूनबाईने पहिल्या दिवशी पेडलवर जुन्या मशीनला द्यायची तेवढाच पाय दिला आणि मशीन उधळलं. वॉशबेसिनांची एक अख्खी रांग गारद करून ते मालकीणबाईंच्या केबिनचं पार्टिशन फोडून आत गेलं. मालकीणबाई चहा पीत होत्या. कप शाबूत राहिला. पार्टिशन गेलं आणि मशीनवरची वेग दाखवणारी काचही गेली.

विमा कंपनीचा माणूस आला, तुकडे बघितले आणि दोन अटी घालून गेला. मशीनचा वेग माणसाच्या चालीपेक्षा जास्त नको, आणि मशीनपुढे लाल झेंडी घेऊन एक माणूस चालला पाहिजे. नाहीतर यापुढे फुटेल त्या कमोडची भरपाई तुमची तुम्ही.

"आता झेंडीला माणूस कुठून आणू?" मालकीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"आहे ना," सूनबाई एका श्वासात म्हणाली. "आमच्या घरात आहे."

उस्तादांना ही बातमी कळली तेव्हा ते खुर्चीतून उठले, आरशासमोर गेले आणि दाढीला साबण फासला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "झेंडी घेऊन चालायचं तर एवढं काय नटायचं?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण पदर डोळ्यांना लावूनच म्हणाल्या.

वेगाला लगाम घालायला फिटर आला. काडीसारखा, कायम घाईत असलेला माणूस. त्याच्याजवळ वायर असलेला एक हातात मावेल असा डबा होता. सीट उचलून त्याने ती वायर आत कुठेतरी खोचली आणि विचारलं, "किती ठेवू?"

"माणसाच्या चालीएवढा," मालकीणबाई म्हणाल्या.

"कोणत्या माणसाच्या? मला आकडा लागतो बाई. मशीनला माणूस कळत नाही."

विमावाल्याला फोन लावला. तोही जरा गडबडला, मग म्हणाला, जो माणूस पुढे चालणार आहे त्याचीच चाल मोजा आणि तीच घाला. हे सगळ्यांनाच पटलं. आता यात काय चुकण्यासारखं आहे, असं तिथे प्रत्येकाला वाटलं, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

उस्ताद या दिवसासाठी नवे बूट घालून आले होते. बूट चावत होते. सकाळी घरातून निघतानाच चावत होते, पण एवढ्या महत्त्वाच्या कामाला जुन्या चपला घालून जाणं त्यांना शोभलं नसतं आणि बूट चावतात हे सांगणं तर मुळीच शोभलं नसतं. फिटरने जमिनीवर खडूने दोन रेघा मारल्या, मोबाइलवर वेळ लावली आणि "चला" म्हणाला. उस्ताद झेंडी छातीशी धरून निघाले. एक पाऊल टाकायचे, दात आवळायचे, मग दुसरं टाकायचे. बघणाऱ्यांना वाटलं, केवढा रुबाब आहे या माणसाच्या चालण्यात! सूनबाईलाही तसंच वाटलं, आणि अभिमानाने तिचा ऊर भरून आला.

"ताशी दोन किलोमीटर," फिटर म्हणाला.

"माणसाला एवढं हळू चालता येतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"येतं की. आत्ताच बघितलं ना तुम्ही." त्याने डब्यावर दोनचा आकडा टाकला, कुलुपाचा कोड मारला, वायर गुंडाळली आणि तो निघालाही. तो कोड फक्त त्याच्या कंपनीकडे होता आणि त्याची पुढची फेरी व्हायला अवकाश होता.

ताशी दोन म्हणजे काय, हे सांगून कळायचं नाही. मशीन चालू आहे की उभं, हे ओळखायला त्याच्या मागच्या खांबाशी ताडून बघावं लागे. गोदामातल्या मांजरीने फोर्कवर, म्हणजे पुढच्या लोखंडी दात्यांवर, बसून प्रवास सुरू केला. वाटेत तिला भूक लागली तर ती उतरून काही खाऊन येई आणि पुन्हा चढे. सूनबाईने डबा घेतला तर रॅकपासून गेटपर्यंत जाताना तिचं जेवण होऊन वर बडीशेपही खाऊन व्हायची. बाहेर ट्रकांची रांग मागच्या गल्लीत वळली. ट्रकवाल्यांनी दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. त्यांतल्या एकाच्या मुलीचं रांगेतल्याच दुसऱ्याच्या पुतण्याशी लग्न ठरलं, आणि ट्रक भरून होईपर्यंत ते कुठल्याशा हुंड्या-मानपानाच्या गोष्टीवरून मोडलंही.

इकडे उस्तादांचे बूट सैल झाले, फोड बरे झाले आणि त्यांची नेहमीची चाल परत आली. पण मशीन आपलं दोनवरच. ते झेंडी घेऊन पुढे जायचे, वळून बघायचे, थांबायचे.

"सूनबाई, येतेस ना?"

"येतेय, बाबा."

"कधी?"

"आलेच."

मग ते एखाद्या खोक्यावर टेकायचे आणि वाट बघायचे. पण खूष होते. घरी आल्यावर पोळीला पोळी लावून जेवायचे, आज कोणत्या वळणावर काय झालं ते सासूबाईंना सांगायचे. खरं तर काहीच झालेलं नसायचं, पण ते तेही रंगवून सांगायचे. भिंतीकडची खुर्ची आता खिडकीकडे वळली होती. सूनबाईला वाटे, ट्रक गेले खड्ड्यात, हे असंच चालू राहू दे.

मालकीणबाईंना तसं वाटत नव्हतं. फिटरची फेरी जवळ आली तसं त्यांनी जाहीर केलं, "पुन्हा मोजायचं. सहा तरी आले पाहिजेत. नाही आले, तर झेंडी माझ्या भाच्याच्या हातात."

हे भाचेबुवा म्हणजे एक प्रस्थ होतं. तसे चांगले गृहस्थ होते, पण शर्यतीत पळायचं वेड. उभ्या उभ्या बोलतानाही जागच्या जागी पाय हलवत राहायचे आणि मधूनच मनगटावरचं घड्याळ बघून "वा!" म्हणायचे. कशाला वा, ते कुणाला कळत नसे.

झालं, उस्तादांची तालीम सुरू झाली. सकाळी उजाडलं की ते घरासमोरच्या रस्त्यावर झेंडी घेऊन पुढे, आणि मागे फोर्कलिफ्ट म्हणून सासूबाई, बाजाराची चाकाची पिशवी ढकलत. सासूबाई कधीच कुणाच्या मागे चाललेल्या नव्हत्या. दुसऱ्या वळणाला त्या पुढे गेल्या.

"अगं, तू फोर्कलिफ्ट आहेस!" उस्ताद मागून ओरडले. "माझ्या मागे राहायचं!"

"मग फोर्कलिफ्टला भाजी आणायची आहे, जरा बाजूला व्हा," असं म्हणून त्या निघून गेल्या.

सूनबाईचा नवरा बेकरीत भट्टीवर होता. तो कामावरून परत येताना हे सगळं बघायचा आणि फाटकाशी उभा राहून सल्ले द्यायचा. "बाबा, एक पाय कायम जमिनीवर हवा हां, नाहीतर ते पळणं धरतात." उस्ताद त्याला उत्तर द्यायला थांबत नसत. थांबले तर पुन्हा निघताना गुडघा कुरकुरायचा.

फिटर आला. खडूच्या रेघा पुन्हा मारल्या. या वेळी उस्ताद जुन्या चपलांमध्ये होते. "चला" म्हटल्याबरोबर ते असे सुटले की झेंडी मागे फडफडली. कोपरं मारत, ओठ मिटून, कमरेतून हलत, पण एक पाय कायम जमिनीवर. ट्रकवाल्यांनी शिट्ट्या वाजवल्या. फिटरने मोबाइल बघितला आणि म्हणाला, "सहा. वर थोडं आहे, पण ते सोडून देतो." टाळ्या झाल्या. भाचेबुवांनीही वाजवल्या, जागच्या जागी पाय हलवत.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा सूनबाई उस्तादांकडे बघत होती. त्यांनी एका हाताने रॅकचा खांब धरला होता आणि तो हात पांढरा पडला होता.

मशीन सहावर बसलं. आता सहा म्हणजे काय, हेही सांगून कळायचं नाही. खडूच्या दोन रेघांमध्ये सहाने जाणं वेगळं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत, रॅक ते गेट, गेट ते रॅक, सहाने जात राहणं वेगळं. पहिल्याच दिवशी पहिल्याच रांगेत सूनबाईने पेडल पूर्ण दाबलं. पुढे उस्तादांची मान घामाने निथळायला लागली. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. झेंडी हळूहळू खाली आली, मग एकदम वर गेली, मग पुन्हा खाली. फिटरने घातलेल्या लगामाने, त्या लिमिटरने, मशीनचा वेग वर जाण्यापासून अडवला होता, खाली यायला कुणाची बंदी नव्हती. तिने पाय अर्धा उचलला. मशीन हळू झालं, उस्तादही हळू झाले, झेंडी सरळ झाली. त्यांनी वळून बघितलं नाही. तिला हायसं वाटलं.

"अजून हळूच कसं?" संध्याकाळी मालकीणबाईंनी विचारलं. ट्रकांची रांग फारशी हललेली नव्हती. वेग दाखवणारी काच तर कधीच फुटलेली.

"बॅटरी जुनी आहे ना," सूनबाई म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

मालकीणबाईंनी नवी बॅटरी बसवली. मशीन तसंच. मग सूनबाईकडे पुन्हा सगळ्यांच्या माना वळल्या, आणि ती चाचरत म्हणाली की चाकंही झिजली असतील. चाकं बदलली. मग तेल बदललं. मग ब्रेक खोलून साफ केले. मग कुणीतरी म्हणालं की मशीनला या गोदामातली हवा मानवत नसेल, तर दोन्ही बाजूंना पंखे लावले. धडधाकट मशीनवर असे एकेक उपचार होत गेले आणि प्रत्येक उपचाराबरोबर सूनबाईला तोंड लपवावंसं वाटू लागलं. पण खरं बोलावं तर उस्ताद परत भिंतीकडे. ती मूग गिळून गप्प बसली.

शेवटी मालकीणबाईंनी हात टेकले. "भंगारात काढा," त्या म्हणाल्या. "पण आधी त्या फिटरला बोलवा. त्याने स्वतः चालवून सांगू दे, काय झालंय ते."

सूनबाईला जेवण गेलं नाही. मशीन भंगारात गेलं तर तिची नोकरी गेली आणि उस्तादांचीही. मशीन ठणठणीत निघालं, तर तिचं खोटं उघडं. दोन्हीकडून मरण होतं, आणि नवऱ्याला सांगितलं तर तो नुसता म्हणाला, "तू पाय तरी का उचललास?"

फिटर सीटवर बसला. पुढे झेंडी घेऊन उस्ताद. सूनबाई बाजूला उभी. फिटर नेहमीसारखाच घाईत. त्याने काही विचार न करता पेडल पूर्ण दाबलं.

मोटारीचा आवाज बदलला. उस्तादांनी मान किंचित कलती केली, जशी ते जुन्या दिवसांत करायचे, आणि चालायला लागले. मग भराभर चालायला लागले. मग पळायलाच लागले. एक पाय जमिनीवर असण्याची गोष्ट कधीच मागे पडली होती. शर्ट बाहेर आलेला, एक चप्पल सुटलेली, झेंडी मात्र डोक्याच्या वर, आणि मागे सहाच्या वेगाने मशीन येतंय, आरामात, काही झालेलंच नाही अशा थाटात. "थांबा!" सूनबाई किंचाळली. पंख्यांच्या घरघरीत फिटरला ऐकू गेलं नाही.

रांगेच्या मध्यावर उस्ताद बाजूला झाले. पडले नाहीत, ठेचकाळले नाहीत. नुसते बाजूला झाले, आणि मशीनला पुढे जाऊ दिलं. ते झपकन त्यांच्या अंगावरून गेल्यासारखं गेलं आणि गेटपाशी जाऊन थांबलं.

"याला काही झालेलं नाही!" फिटर तिथून ओरडला. "उत्तम पळतंय!"

सगळे सूनबाईकडे बघायला लागले. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर नवी बॅटरी, चाकं, तेल आणि पंखे एकापाठोपाठ एक दिसून गेले.

"तिला बोलू नका," उस्ताद म्हणाले. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. "पाय ती कमी देत होती, हे खरं. पण मला माहीत होतं. मोटारीचा आवाज मला कळत नाही होय? पहिल्या दिवशीच ऐकला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मालकीणबाई भडकल्या.

उस्तादांनी श्वास गोळा केला. "पुढे चालायला बरं वाटत होतं हो," ते म्हणाले. "म्हणून गप्प राहिलो."

मालकीणबाईंना रागवायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. उस्तादांनी झेंडी भाचेबुवांच्या हातात दिली, दुसरी चप्पल शोधली आणि ते चालत घरी गेले.

संध्याकाळी सूनबाई घरी आली तेव्हा खुर्ची भिंतीकडे वळलेली होती. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"बाबा, चुकलं माझं."

"मशीनशी खोटं बोललीस," ते भिंतीला म्हणाले. "माझ्याशी बोलली असतीस तर एक वेळ चाललं असतं. चांगल्या मशीनला अर्धपोटी ठेवलंस. असं शिकवलं होतं मी?"

"नाही."

"उद्या पूर्ण दाबायचं."

"हो," ती म्हणाली. ताट आलं तेव्हा ते भूक नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाचेबुवा झेंडी घेऊन पुढे निघाले, पाय हलवत, घड्याळ बघत. सूनबाईने पेडल दाबलं. अर्धंच गेलं. सवयीने. तिने स्वतःवर चरफडून जोर दिला, मशीन सहावर आलं, आणि रांगेच्या मध्यावर, जिथे उस्ताद बाजूला झाले होते तिथे, तिला एकदम काहीतरी सुचलं. तिने पाय उचलला. या वेळी सवयीने नाही. मशीन दोनवर आलं आणि तिने ते तिथेच ठेवलं.

भाचेबुवा गेटला जाऊन परत आले. "काय झालं?"

"पायच जात नाही खाली," सूनबाई म्हणाली.

मालकीणबाई आल्या. आधी गोड बोलल्या, मग ओरडल्या, मग शपथा घातल्या. भाचेबुवांनी शिट्टी फुंकली. दुसऱ्या कुणाकडे लायसन नव्हतं. दोनाचे तीन झाले नाहीत. सूनबाई खाली मान घालून एवढंच म्हणत राहिली, "खरंच बाई, आधी जात होता, आता जात नाही." काढून टाकलं असतं तिला, त्या दिवशी नक्की काढून टाकलं असतं. मालकीणबाईंनी तावातावाने फिटरला फोन लावला. वेग वर जाऊ न देणारा लिमिटर आहे, तसा खाली येऊ न देणारा काही मिळतो का? फिटर म्हणाला, असं काही जगात नसतं.

"नसतं कसं?" मालकीणबाई फोनवर गरजल्या. "मग त्या बाईच्या पायाचं मी काय करू?" आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांना कुणीतरी आठवलं.

त्याच दुपारी त्या उस्तादांच्या घरी गेल्या. पुढचं सासूबाईंनी सांगितलं म्हणून कळलं. मालकीणबाई भिंत आणि खुर्ची यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कशाबशा उभ्या राहिल्या, कारण उस्ताद वळेनात. "उस्ताद," त्या म्हणाल्या, "तुमची सून सहाच्या खाली येते. दुसऱ्या कुणाला तो आवाज कळत नाही. झेंडी नको, चालायला नको. नुसतं बसा आणि ती खाली आली की ओरडा."

"बसून?" उस्तादांनी विचारलं.

"बसून."

त्यांनी जरा विचार केला. "खुर्ची रांगेच्या मध्यावर पाहिजे," ते म्हणाले. "टोकाला बसलं तर आवाज फुटतो." मग सासूबाईंना हाक मारून त्यांनी साबण कुठे ठेवलाय ते विचारलं.

आता ट्रक वेळेवर भरतात. भाचेबुवा झेंडी घेऊन पुढे असतात, मागे मशीन सहाने, आणि रांगेच्या मध्यावर खुर्चीत उस्ताद, डोळे मिटून, मान किंचित कलती. विमावाला येऊन बघून गेला. हा माणूस कशासाठी आहे, असं त्याने विचारलं, तेव्हा मालकीणबाईंनी सांगितलं की तो मशीनचाच भाग आहे. त्याने मान डोलावली.

सूनबाईचा पाय आता व्यवस्थित खाली जातो. कधीच अडकत नाही. फक्त दर फेरीला खुर्ची जवळ आली की ती तो केसभर उचलते, आणि उस्ताद डोळे न उघडता ओरडतात, "दाब!"

ती हे मुद्दाम करते, हे त्यांना कळत नाही असं मुळीच नाही. एकदा घरी जेवताना त्यांनी तिच्या ताटात आपल्या हाताने भात वाढला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "दुपारी एक फेरी तशीच गेलीस. चाललं नाही मला."

"उद्या लक्षात ठेवीन, बाबा," ती म्हणाली.